मागच्या चिंधीपाशी

॥ श्री ॥
२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला घेतलं आणि सवयीने 'चि. सौ.' लिहून बसले. मग थांबले. तो कागद ठेवून दिला, मागच्या बाजूला दुधाचं टिपण होईल. तुझ्यासाठी दुसरा घेतला. हातालासुद्धा वेळ लागतो बघ.

भाऊजी गेल्याला तिसरा महिना सरत आला. आम्ही निघालो तेव्हा तू पंपहाऊसच्या फाटकाशी उभी होतीस. हात हलवला नाहीस, डोळ्यांत पाणी नाही, नुसती उभी. मी गाडीत मागे वळून बघत राहिले तर आमचे हे म्हणाले, 'मान धरेल, पुढे बघ.' तेवढं एक चित्र मात्र रोज देवापुढे बसले की समोर येतं.

आता कामाचं. ह्यांनी पाणीखात्यात विचारून घेतलं. क्वार्टर मार्चअखेरपर्यंत तुझ्याकडे ठेवता येतं. ठेवता येतं म्हणून ठेवलंच पाहिजे असं नाही. आमच्या लेकीची खोली ती सासरी गेल्यापासून रिकामी आहे. खिडकी पूर्वेला, सकाळी ऊन थेट कॉटवर येतं. गादी वाळवून ठेवली आहे, कपाटाचे दोन कप्पे मोकळे केलेत. घरात सगळे विचारतात, काकू कधी येणार. सूनबाई तर म्हणाली, काकू आल्या की तुम्हालाही सोबत. तुमची जावा-जावांची गट्टी ठाऊक आहे म्हणे सगळ्यांना.

त्या ओसाडीत एकटीने काय करतेस? सकाळी पंपाचा आवाज आणि दिवसभर वारा. माणसाने माणसांत असावं. डिसेंबरात ये.

माझं नाव आणि पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे, वर तिकीटही चिकटवलंय. म्हणजे उत्तराला सबब उरत नाही.

तुझी,
थोरली जाऊ

*

१७ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न.

पाकीट बघून बऱ्याच दिवसांनी हसले. तिकीटसुद्धा कोपऱ्याला बरोबर, टिचभरही वाकडं नाही.

इथे टपाल पाण्याच्या टँकरबरोबर येतं आणि टँकरबरोबरच जातं, म्हणून उशीर. फोन लागतो तो मागच्या टेकडीवर चढलं तर, तोही वाऱ्याच्या मर्जीने. शिवाय फोनवर मला बोलता येत नाही हल्ली. पलीकडचं माणूस गप्प झालं की वाटतं लाइन गेली.

ताई, खोलीचं वाचून बरं वाटलं. सगळे वाट बघताहेत हे वाचून तर जास्तच. पण डिसेंबरात नाही जमणार. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी शर्यत आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, हे दरवर्षी भरवायचे. तुम्ही हसायचात, दादा तर म्हणायचे की पळायला रस्ता कमी पडला का. शर्यत आपली म्हणायला शर्यत. बारा-पंधरा माणसं येतात, ठिकठिकाणच्या शहरांतून. आदल्या दिवशी आपल्या आवारात पथारी टाकतात. सकाळी पंपहाऊसपासून निघायचं, कोरड्या ओढ्यातून खडकाळ माळावर, मिठाच्या पडक्या शेडला वळसा घालायचा आणि दुसऱ्या अंगाने परत. फलक नाही, भोंगा नाही, बक्षीस नाही. पहिला येईल त्याला चहा, शेवटचा येईल त्यालाही चहाच. कुणी तरी एकदा विचारलं की जाहिरात का करत नाही. हे म्हणाले, एवढं रिकामं वाळवंट आहे, ते भरून काय मिळवायचं.

यांनी जुलैमध्येच सगळ्यांना 'या' म्हणून कार्डं टाकली होती. मग ऑगस्ट आला. आता त्यातल्या काहींनी मला लिहिलं, की तुम्हाला नसेल जमत तर राहू द्या. मी सगळ्यांना कळवलं, या. यांनी बोलावलेली माणसं आहेत. ती येऊन, चहा पिऊन गेली की मी मोकळी. फेब्रुवारीत येते.

एक मागणं आहे. वाट दाखवायला झुडपांना चिंध्या बांधाव्या लागतात. हे स्वतःचे जुने शर्ट फाडायचे. यंदा माझ्याने त्यांचे शर्ट फाडवत नाहीत. तुमच्याकडे जुनं सुती, भडक रंगाचं काही असेल तर पाठवाल?

आपली,
धाकटी

*

॥ श्री ॥
१ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शर्यतीचं ह्यांना सांगितलं. म्हणाले, 'काय करायचंय ते करू दे,' आणि पेपरचं पान उलटलं. मुलगा म्हणाला, 'काकू इव्हेंट करतेय, मस्त.' झालं, घरात चर्चा एवढीच.

मला विचारशील तर मला हे पटलेलं नाही. नवरा जाऊन सहा महिने झाले नाहीत तोवर आवारात परकी माणसं झोपवायची म्हणजे लोक काय म्हणतील, असं लिहिणार होते. मग लक्षात आलं, तुझ्याकडे लोक आहेतच कुठे काही म्हणायला.

पार्सल पाठवते. माझ्या दोन साड्या, एक लाल, एक केशरी. दोन्ही विरल्या होत्या, पण रंग पक्का. पट्ट्या मीच फाडल्या आणि कडांना मशीनवर टीप घातली, नाही तर वाऱ्याने दोरे सुटून आठवडाभरात पिंजून जातील. प्रत्येक पट्टी फाडताना देवाचं नाव घेतलं. तूही बांधताना घे. तेवढाच जप होतो आणि हात रिकामे चालत नाहीत. शर्यत झाली की सोडून, धुऊन परत आण. पुसायला उपयोगी पडतील.

चहाबरोबर बिस्किटं विकतची आणू नकोस, घरीच भाज. दमून आलेल्या माणसाला विकतचं काय आणि घरचं काय हे कळत नाही असं म्हणतात, पण देणाऱ्याला कळतं.

सहा फेब्रुवारीच्या गाडीचं तिकीट काढलंय. सूनबाईने मोबाइलवर काढून दिलं, मी तेच कागदावर छापून घेऊन पाठवते. मोबाइलमधलं मला तिकीट वाटत नाही.

आणि एक, इतकी वर्षं विचारायचं राहिलं. भाऊजी स्वतः धावायचे का गं?

तुझी,
थोरली जाऊ

*

२७ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न.

उद्या शर्यत. माणसं आवारात आली आहेत, त्यांच्या बोलण्याचा आवाज भिंतीतून येतोय म्हणून लिहायला बसले. रिकाम्या घरात पत्र लिहिणं निराळं आणि पलीकडे कुणी हसत असताना लिहिणं निराळं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. धावायचे नाहीत. त्यांना चालणं ठाऊक, तेही पाइपलाइनच्या फेरीचं, सावकाश, जिथे गळतंय तिथे वाकून बघत. शर्यतीच्या दिवशी ते फाट्यावर बसायचे. ओढा जिथे दुभंगतो ना, तिथे. पाण्याचे कॅन भरलेले, त्यातला एक रिकामा उलटा घालून त्यावर बूड टेकून. येईल त्याला पाणी द्यायचं आणि उजवीकडे बोट करायचं. मी इथे चहाच्या पातेल्याशी. दिवसभर आमची गाठ पडायची नाही, पण प्रत्येक जण परत येऊन सांगायचा, 'साहेब मजेत आहेत, टोपी उडाली होती, सापडली.'

यंदा फाट्यावर पाण्याचे कॅन ठेवून आलेय. बसायला कुणी नाही. पंपवाला चांगला आहे, पण त्याला पंप सोडता येत नाही.

तुमच्या चिंध्या फार सुरेख दिसतात माळावर. काल आणि आज सगळी वाट बांधून काढली. नाव घेत घेतच बांधल्या. टीप घातलेली चिंधी पहिल्यांदाच बघितली असं दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दरवर्षी पहिल्या येतात. निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत, दोघी बहिणी आहेत, एक गुरांचा दलाल आहे. आणि एक शिंपी. तो दरवर्षी शेवटी. मास्तर त्याला म्हणत होते, 'तुझी वाट बघत थांबलो तर सूर्य मावळून दुसरा उगवेल.' तो म्हणाला, 'उगवू दे, चहा गरम असला म्हणजे झालं.' एकटाच असतो, फार बोलत नाही. मघाशी येऊन माझ्या ओट्यावर पडदा ठेवून गेला, यांनी गेल्या वर्षी शिवायला टाकला होता म्हणे. मला ठाऊकच नव्हतं.

निघण्याआधी हे सगळ्यांना एकच सूचना करायचे, 'पुढची चिंधी दिसली नाही तर शोधत बसू नका. मागच्या चिंधीपाशी या आणि बसा, मी येतो.' उद्या ती मला करायची आहे. आत्ता दोनदा मोठ्याने म्हणून बघितली.

सगळ्या बांधून एक चिंधी उरली होती. परत आणावीशी वाटली नाही, तीही बांधून आले.

सहा तारखेला येतेच.

आपली,
धाकटी

*

॥ श्री ॥
७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

काल स्टेशनवर गेले होते. मुलाला ऑफिस, ह्यांची पाठ धरलेली, म्हणून एकटीच गेले, बस बदलून. गाडी वेळेवर आली. तुझा डबा माझ्या समोरच थांबला. माणसं उतरली, ज्याची त्याला न्यायला आलेली, नाही तर रिक्षावाल्यांशी घासाघीस करत निघून गेलेली. मी म्हटलं, तू सगळ्यांना आधी उतरू देत असशील, तुझी सवयच ती. मग डब्यात जाऊन बघितलं, बाकावर जरा टेकले. सफाईवाला झाडत होता. म्हणाला, 'आजी, पाय वर घ्या.' जसं काही मीच प्रवासाला आले होते.

पुढची गाडी येईपर्यंत बसले. त्यातही नव्हतीस.

घरी सांगितलं की गाडी चुकली असेल. कुणी पुढे विचारलं नाही.

शर्यतीनंतर तुझं एक अक्षर नाही. तू बरी आहेस ना, एवढं लिही. या वेळी पाकीट घातलेलं नाही. बघू तरी.

तुझी,
थोरली जाऊ

*

१३ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न.

तुम्हाला स्टेशनवर बसवलं, याची मला फार लाज वाटते. कळवायला हवं होतं. टेकडीवर चढून फोन करायला हवा होता. दोनदा निघाले आणि अर्ध्यातून परतले.

शर्यत झाली. माणसं गेली.

मला इतक्यात येता येणार नाही. शहरातल्या दवाखान्यात एका माणसाला डबा न्यावा लागतो. टँकर जातो तेव्हा जाते, येतो तेव्हा येते. तो शिंपी आहे. त्याला दुसरं कुणी नाही. तो बरा झाला की बघू.

मी बरी आहे. तुमच्या तिकिटाचं नुकसान झालं, ते मनात आहे.

आपली,
धाकटी

*

॥ श्री ॥
२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. जेवढं लिहिलंस त्यापेक्षा न लिहिलेलं जास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण दोन ओळींच्या मधलं वाचायला कॉलेज लागत नाही.

कोण हा शिंपी? शर्यतीच्या आधीच्या पत्रात त्याच्यावर सगळ्यांत जास्त ओळी होत्या, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एकटा असतो, फार बोलत नाही, पडदा शिवून आणतो. आता त्याला डबा. तिकडे टँकरमध्ये बसून जायचं, ड्रायव्हरच्या शेजारी, आठवड्यातून किती वेळा ते तू लिहिलेलं नाहीस.

मी तुझी सासू नाही. पण भाऊजींना जाऊन वर्षही सरलं नाही, एवढं म्हणायचा अधिकार माझा आहे. त्यांना मी माझ्या हाताने जेवायला वाढलंय, तू घरात येण्याच्या आधीपासून. तुला माणूस हवं होतं तर इथे माणसांनी भरलेलं घर होतं. तुझ्यासाठी खोली अडवून ठेवलीय. सूनबाईला तिथे इस्त्रीचं टेबल टाकायचंय, तिला मी रोज काही तरी सांगून थांबवते. रोज काय सांगू?

खरं काय ते लिही. वाईट असलं तरी चालेल. खोटं मात्र नको.

थोरली जाऊ

*

१ मार्च

ती. ताईंस,
सा. न.

तुमच्या पत्राचा राग आला नाही. उलट हायसं वाटलं. तुम्हाला वाटलं तसं असतं तर फार सोपं झालं असतं.

खरं लिहिते.

हे ऑगस्टमध्ये फेरीला गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा कुठे सापडले ते तुम्हाला सांगितलं होतं, एका झाडाखाली बसलेले. ते झाड फाट्याच्या डावीकडे आहे. ओढ्याचा उजवा फाटा शर्यतीचा. डावा कुठेच जात नाही, पुढे नुसते कडे आणि दगड. शर्यतीच्या आदल्या दिवशी उजवी वाट पुरी बांधून झाली आणि माझ्या हातात एक चिंधी उरली. लाल होती. मी डावीकडे गेले आणि त्या झाडाला बांधून आले. देवाचं नाव घेतलं, मग यांचं घेतलं. मला दुसरं काही सुचलंच नाही, ताई. तिथे फूल मिळत नाही.

सकाळी मी ती सूचना केली. पुढची चिंधी दिसली नाही तर मागच्या चिंधीपाशी या आणि बसा. 'मी येतो' म्हणताना 'मी येते' म्हटलं. सगळे निघाले.

पुढचे सगळे डॉक्टरीणबाईंच्या पाठोपाठ उजवीकडे गेले. शिंपी मागे एकटा. फाट्यावर कुणी नाही, कॅन आहेत. वाऱ्याने उजवीकडची पहिली चिंधी झुडपात गुंडाळली गेली होती, आणि डावीकडे झाडावर लाल चिंधी फडफडतेय. तो म्हणाला, 'मला वाटलं यंदा वाट बदलली. बाईंनी बांधलीय म्हणजे वाट तिकडेच.'

झाडापुढे चिंधी नव्हती. पुढे असेल म्हणून तो कड्यांत गेला. तिथे दगड सुटून पडला. उजवा घोटा मोडला. तो पडला तिथून आपली पाण्याची टाकी दिसते, ताई. ओरडला तर ऐकू जात नाही, पण दिसते. सरळ टाकीकडे सरपटत यावं असं कुणालाही वाटलं असतं. तो उलटा सरपटत गेला, मागच्या चिंधीपाशी. आणि बसला. कारण तेच सांगितलेलं होतं.

इकडे एकेक जण येत होता. चहा घेत होता. शेवटी तो राहिला. कुणाला काही वाटलं नाही. तो शेवटीच येतो. मास्तरांनी परत तोच सूर्याचा विनोद केला आणि मीही हसले. गाड्या पकडायच्या म्हणून लोक निघाले. मी पातेलं मंद आचेवर ठेवून बसले. ऊन कललं तेव्हा मी पातेलं उतरवलं आणि पंपवाल्याला हाक मारली. पंपवाल्याने पंप बंद केला आणि मोटरसायकल काढली.

त्याने मला नंतर सांगितलं, झाडाखाली माणूस बसलेला लांबून दिसला तेव्हा त्याने मोटरसायकल तिथेच थांबवली. ऑगस्टमध्ये तोच गेला होता ना शोधायला.

हा जिवंत होता. पाणी संपलेलं, ओठ फुटलेले. इथे आणला तेव्हा मला बघून म्हणाला, 'चहा गार झाला असेल.'

दवाखान्यात त्याने कुणाला सांगितलं नाही की चिंधी चुकीच्या जागी होती. पाय घसरला एवढंच सांगितलं. मी डबा घेऊन गेले, वाढून दिलं. मग तो म्हणाला, 'बाई, मी तिथे बसलो तेव्हा घाबरलो नव्हतो. साहेब येतील असं डोक्यात होतं. दरवर्षी ते म्हणायचे ना, मी येतो. दुपारी केव्हा तरी आठवलं की साहेब नाहीत. मग घाबरलो.'

मी त्याला सांगितलं ती चिंधी कशाची होती. तो म्हणाला, 'मग तिथेच असू दे.' पण मी दुसऱ्या दिवशी जाऊन ती सोडली. बाकीच्या सगळ्या चिंध्या अजून माळावर आहेत, फक्त ती एक सोडली.

घोट्यात सळ्या घातल्यात. चालता येईल, डॉक्टर म्हणतात, पण घोटा पूर्वीसारखा वाकणार नाही. त्याची मशीन पायडलची आहे. तो बोटांनी चादरीची कड दुमडत असतो, टीप घालायच्या आधी दुमडतात तशी, आणि परत सोडतो.

धावायला आलेल्या प्रत्येकाला मी कार्ड लिहून कळवलं की चूक माझी होती. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, पुन्हा भरवू नका, तुम्हाला झेपणार नाही. मास्तरांनी लिहिलं, फाट्यावर माणूस हवं होतं. दोघांचंही बरोबर आहे.

तुम्ही खरं मागितलंत म्हणून हेही लिहिते. मी तुमच्याकडे येत नाही. पाणीखात्याला टाकीची पातळी रोज लिहायला कुणी तरी हवंय, त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. क्वार्टर जाईल. स्टोअरच्या मागची खोली मिळेल, एक माणूस मावेल एवढी. तुमच्या भरल्या घरात मी आले असते तर सगळ्यांनी मला जपलं असतं, आणि स्वतःला जपून घ्यायला मी आत्ता तयार नाही. इथे त्या माणसाचा पाय आहे, आणि ते झाड आहे.

शर्यत पुढच्या जानेवारीत भरवायची की नाही, ते माझ्या हातात राहिलेलं नाही. मी चहाशी असले तर फाट्यावर नाही, फाट्यावर असले तर परत आलेली माणसं मोजायला कुणी नाही. पंपवाला पंप सोडून बसू शकत नाही. फाट्यावर बसायला माणूस मिळालं तर भरवेन. नाही तर यांनी सुरू केलेलं इथे संपलं.

मागायचा धीर होत नाही. धावायचं नाही, चालायचं नाही. नुसतं बसायचं. तुम्ही याल का?

आपली,
धाकटी

*

॥ श्री ॥
१२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शिंप्याबद्दल जे लिहिलं ते माझ्या पेनाचं, मनाचं नव्हे, असं लिहायला बसले होते. पण मनाचंही होतं. त्याची क्षमा मी देवापाशी मागितली, आता तुझ्यापाशी मागते. त्याच्यापाशी मागायची सोय नाही, कारण त्याला सांगायला गेलं तर आणखी वाईट वाटेल.

चिंधीचं मी चूक नव्हे असं म्हणणार नाही. चूकच ती. पण नाव घेऊन बांध असं मी सांगितलं होतं. देवाचं नाव आणि वाटेची खूण एकाच चिंधीत घालायची नसते, हे मला इथे घरात बसून सुचलं नाही. पुढच्या वेळी वाटेच्या चिंध्या मुकाट्याने बांध. नाव मी इथून घेईन.

आता तू खरं लिहिलंस, तर माझंही वाच. घरात सगळे विचारतात, काकू कधी येणार, असं मी लिहिलं होतं. कुणी विचारलं नव्हतं. वाईट माणसं नाहीत गं. ज्याला त्याला आपलं आहे. ताट घेऊन जो तो आपापल्या खोलीत जातो. ह्यांचं म्हणजे पेपर, मग टीव्ही, मग झोप. दिवसभरात माझ्याशी बोलणं म्हणजे 'इस्त्री झाली का' आणि 'औषध कुठे ठेवलंय'. स्टेशनवर त्या झाडणाऱ्याने मला पाय वर घे म्हटलं, ते त्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोललेलं सगळ्यांत लांब वाक्य असेल. तू आलीस तर दुपारी दोघी चहा घेऊ, एवढं माझ्या मनात होतं. तेच मी तुझ्या भल्याचं म्हणून लिहीत राहिले. तुझ्या भल्याचंही होतं, पण आधी माझं.

इस्त्रीचं टेबल परवा त्या खोलीत गेलं. मीच एका बाजूने धरलं.

शिंप्याच्या पायाचं मी मशीन दुरुस्तीवाल्याला विचारून आले. तो म्हणाला, पायडलच्या मशीनला मोटर बसते, आणि पायाने दाबायची कळ असते तशी गुडघ्याने ढकलायचीही मिळते. घोटा वाकला नाही तरी चालतं. माझ्या मशीनची मोटर सोडवून घेतली आहे, पार्सल करते. मला पायडलवर येतं, माझे दोन्ही पाय धड आहेत. तू दिलीस असं सांग, नाही तर नुसती आलीय म्हण.

जानेवारीचं मी जेवताना सांगितलं. म्हटलं, पुढच्या जानेवारीत मी धाकटीकडे जाणार आहे.
हे म्हणाले, 'कशाला?'
म्हटलं, 'बसायला.'
त्यांनी चक्क टीव्हीवरून मान वळवली. 'बसायला एवढं लांब?'
मुलगा म्हणाला, 'आई, तिथे काही नाहीये.'
म्हटलं, 'ठाऊक आहे.'
सूनबाई मग मागे येऊन विचारून गेली की तिकीट मोबाइलवरच काढायचं ना. छापून देईन म्हणाली.

तेव्हा भरव तू शर्यत. जुलैत कार्डं टाकायची असतात ना, ती टाक. डॉक्टरीणबाईंनाही टाक.

आता मला नीट समजावून लिही. किती वाजता जाऊन बसायचं. सावली कुठून कुठे सरकते, म्हणजे कॅन कुठे मांडू. किती माणसं गेली ते मी बोटांवर धरीन, ती माझी सवय आहे, पण शेवटचा गेला हे तुला कसं कळवू? आणि कुणीच बराच वेळ आलं नाही तर काय समजायचं, सगळे गेले की सगळे चुकले? भाऊजी अशा वेळी काय करायचे?

आणखी एक. माणूस समोरून येताना दिसलं की काय म्हणायचं तेही लिही. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी 'बस' म्हणायची पद्धत. मला तेवढंच येतं. तिथे ते म्हणून चालणार नाही.

तुझी,
थोरली जाऊ